पुढच्या पंधरा वर्षांची वीज आणि आमची रात्रपाळी

दाणेवाला (इंदूर):

नमस्कार मंडळी. सांवेर रोडला आमचं प्लास्टिक मोल्डिंगचं लहान युनिट आहे, वडिलांनी सुरू केलेलं. बाटल्यांची झाकणं, गोळ्यांच्या डब्या असा माल. जुनी दोन हायड्रोलिक मशिनं काढून एक सर्वो मशीन (लागेल तेवढीच वीज ओढणारं) घ्यायचं चाललंय. कर्ज सात वर्षांचं, मशीन सहज पंधरा वर्षं चालेल. प्लास्टिकच्या दाण्याच्या खालोखाल आमचा खर्च विजेचाच, त्यामुळे वीज पुढे कशी वागणार याचा अंदाज आल्याशिवाय कोटेशनवर सही करायला मन धजत नाही.

वडिलांच्या वेळी हिशेब सोपा होता. रात्री वीज स्वस्त, म्हणून रात्री मशीन चालवायचं आणि दिवसा माल पाठवायचा. आमच्या घरची जेवणं, झोपा, भांडणं सगळं त्या सवलतीवर बेतलेलं. आता ऐकतो की उन्हाच्या तासांची वीज स्वस्त आणि संध्याकाळची महाग. वडील मानायला तयार नाहीत. "दर दोन वर्षांनी नवीन काढतात, फिरून रात्रीवरच येतील," असं त्यांचं मत.

म्हणून मी जरा खोदलं. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाची राष्ट्रीय विद्युत योजना मिळाली, मे २०२३ ची. त्यात २०२६-२७ ची देशाची कमाल मागणी सुमारे २ लाख ७७ हजार मेगावॅट धरली आहे, २०३१-३२ ची ३ लाख ६६ हजार. आणि तोवर उभी राहणारी एकूण क्षमता तब्बल ९ लाख मेगावॅट! मागणी साडेतीन लाख आणि वीजघरं नऊ लाखांची, हे कोणत्या गणितात बसतं? एवढी वीज होणार असेल तर ती रात्री का महागावी? आणि मुख्य म्हणजे, ही योजना कोणाला बांधील आहे का, की कागद छापून झाला की संपलं? कोणी आतला माणूस असेल तर सांगा. पंधरा वर्षांचा जुगार आहे.


राजवाड्याजवळचा:

भिया, योजना सरकारची, बिल तुमचं, एवढं लक्षात ठेवा. २००३ साली या राज्यात वीज, रस्ते आणि पाणी यावर सरकार पडलेलं ज्यांनी पाहिलंय ते दहा वर्षांच्या आकड्यांवर विश्वास ठेवत नाहीत. तेव्हा आमच्या गल्लीत ज्याच्याकडे इन्व्हर्टर तो श्रीमंत. शेडवर पॅनल टाका आणि मोकळे व्हा.


रामबागचे नाना:

दाणेवाले, मी वीज मंडळात होतो, त्यातली बरीच वर्षं जबलपूरच्या भार प्रेषण केंद्रात. तिथे काम एकच: या क्षणी राज्य जेवढी वीज ओढतंय तेवढीच आत येत राहिली पाहिजे. विजेची फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झच्या खाली घसरायला लागली, म्हणजे वीज कमी पडायला लागली, की एका हातात जिल्ह्याचा फोन आणि दुसऱ्या हातात वीजघराचा. तेव्हा माझं उत्तर डेस्कवर बसलेल्या माणसाचं आहे, तसंच वाचा.

आधी तुमचे नऊ लाख. ही बेरीज बघून सगळेच चक्रावतात. त्यातले सुमारे ३ लाख ६५ हजार सौर आणि १ लाख २२ हजार पवन आहेत. कोळसा २ लाख ६० हजारांच्या आसपास. आता डिसेंबरातली संध्याकाळ घ्या, साडेसात वाजलेत. सौर शून्य. वारा आपल्याकडे पावसाळ्यात जोर धरतो, थंडीत मरगळतो. उरलं काय? कोळसा, धरणं, अणुवीज आणि दिवसा साठवून ठेवलेलं. योजनेत साठवणुकीसाठी २०३२ पर्यंत सुमारे ७४ हजार मेगावॅट धरलेत, त्यात ४७ हजारांच्या बॅटऱ्या आणि बाकी पंप्ड स्टोरेज. आपल्या गांधीसागरला हजार मेगावॅटहून मोठा पंप्ड स्टोरेज प्रकल्प आहे तो याच जातीचा. दुपारच्या स्वस्त विजेनं पाणी वरच्या तळ्यात चढवायचं, संध्याकाळी खाली सोडून वीज काढायची. त्याच गांधीसागरचं १९६० चं जुनं वीजघर ११५ मेगावॅटचं आहे, म्हणजे काळ किती बदलला ते बघा.

रात्रीची सवलत का होती हेही समजून घ्या, म्हणजे वडिलांशी बोलता येईल. रात्री बारानंतर मागणी पडायची, पण कोळशाचा संच बटण दाबून बंद होत नाही. साधारण ५५ टक्क्यांच्या खाली नेला की तो कुरकुरतो, आणि पूर्ण थंड पडला तर पुन्हा पेटवायला तेल आणि तास दोन्ही जातात. म्हणून तुमच्यासारख्यांना सांगायचे, रात्री ओढा, स्वस्त देतो. आज तीच अडचण भरदुपारी येते. २०१७ साली रीवाच्या ७५० मेगावॅटच्या सौर प्रकल्पाचा दर पहिल्या वर्षाला २ रुपये ९७ पैसे लागला, तेव्हा जबलपुरात आम्ही एकमेकांकडे बघत होतो. त्यानंतर दुपारची वीज साचतच गेली. उन्हाचे तास बदलणार नाहीत, त्यामुळे जुनी सवलत जशीच्या तशी परत येईल असं मला वाटत नाही. वडिलांना माझा नमस्कार सांगून हे सांगा.

केंद्राने २०२३ मध्ये ग्राहक हक्कांचे नियम बदलले. १० किलोवॅटच्या वरच्या उद्योग-व्यापाराला १ एप्रिल २०२४ पासून वेळेनुसार दर. सौर तासांत नेहमीच्या दरापेक्षा किमान २० टक्के कमी, जास्त मागणीच्या तासांत उद्योगांना किमान १.२ पट. नेमके तास कोणते, हे राज्याचा नियामक आयोग ठरवतो. तो आदेश दरवर्षी स्वतः वाचायची सवय लावा, कंत्राटदारानं सांगितलं म्हणून चालू नका.

आता योजना कोणाला बांधील. देशभराच्या विजेचा एकत्र विचार करायची कल्पना जुनी आहे. चाळीसच्या दशकात व्हाइसरॉयच्या मंडळात बाबासाहेब आंबेडकर मजूर खातं सांभाळत होते, तेव्हा केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झालं. बाबासाहेबांचं हे काम आपल्याकडे फार कमी जणांना ठाऊक असतं, याचं मला राहून राहून नवल वाटतं. १९४८ चा कायदा आला तेव्हा वीज खातं काकासाहेब गाडगीळांकडे होतं. त्या कायद्याखाली राज्यांची मंडळं झाली, आणि मंडळच बांधणार, मंडळच विकणार, म्हणून योजना म्हणजे हुकूम होता. २००३ च्या कायद्याने ते मोडलं. औष्णिक वीजघर बांधायला आता परवाना लागत नाही. कलम ३ प्रमाणे प्राधिकरण दर पाच वर्षांनी योजना काढतं, पण निर्मितीच्या बाबतीत ती दिशा दाखवते, कोणाचा हात धरून बांधायला लावत नाही. वीजघर उभं राहतं ते वितरण कंपनीनं पंचवीस वर्षांचा खरेदी करार केला आणि बँकेनं पैसे दिले तर. खरी योजना त्या करारांत असते.

आणखी एक, आपल्या राज्याची चाल देशापेक्षा वेगळी आहे. देशाची मागणी उन्हाळ्यात चढते, ३० मे २०२४ ला ती २ लाख ५० हजार मेगावॅटवर गेली. आपली कमाल मागणी येते डिसेंबर-जानेवारीत, १८ हजारांच्या पुढे गेलेली आहे, आणि ती कूलरची नसते, गव्हाची असते. माळव्यात पलेवा, म्हणजे पेरणीआधीचं पाणी, सुरू झाला की डेस्कवर आकडा चढताना दिसायचा. एखाद्या वर्षी मावठा (थंडीतला पाऊस) झाला तर दोन दिवस शांतता, सगळे पंप बंद. जून-जुलैत उलट. पंजाबात भाताची लावणी, तिथे विजेची बोंब, आणि आपल्याकडे पंप थंड, नर्मदेला पाणी, इंदिरासागर जोरात. मग आपण त्यांना तेव्हा वीज द्यायची आणि रब्बीत परत घ्यायची. याला आम्ही बँकिंग म्हणायचो, पैशाचा व्यवहार नाही, युनिटला युनिट. दिल्लीतल्या जाड योजनेपेक्षा या देवघेवीनं मला जास्त रात्री झोप मिळवून दिली आहे.

तुमच्यापुरतं: सर्वो मशीन घ्या, त्यात दुमत नको. पाळी दिवसाकडे सरकवा, आणि संध्याकाळचे जास्त दराचे तास मशीन बंद ठेवा.


दाणेवाला (इंदूर):

नाना, एवढं कोणी समजावून सांगितलं नव्हतं. वडिलांना वाचून दाखवलं. गाडगीळांपर्यंत ऐकून घेतलं, मग म्हणाले, "यांनी कधी मोल्डिंग मशीन चालवलेलं दिसत नाही."

त्यांचं म्हणणं असं. मशीन तीन-चार तास थांबवायचं म्हणजे बॅरलमध्ये, दाणा वितळवणाऱ्या तापत्या नळीत, वितळलेला दाणा तसाच राहतो. हीटर चालू ठेवले तर तो आत जळतो आणि नंतर मालात काळे ठिपके येतात. गोळ्यांच्या डबीत काळा ठिपका दिसला की अख्खा लॉट परत. हीटर बंद केले तर पुन्हा तापवा, पर्ज करा म्हणजे आतला जुना दाणा काढून टाका, साच्यातून निघणारे पहिले बरेच नग भंगारात टाका. म्हणजे तुमच्या कोळशाच्या संचाचं जे दुखणं तेच आमच्या बॅरलचं. शिवाय माणसं. ऑपरेटर दुपारी येऊन संध्याकाळी चार तास बसून राहणार आणि मग रात्री पुन्हा कामाला लागणार, असं कोण करेल? सकाळी आठ ते संध्याकाळी सहा एकच पाळी केली तर मशीनचा हप्ता निघत नाही.

मग २० टक्के सवलतीचा उपयोग काय?


मोरारची मेधा (ग्वाल्हेर):

नाना, आदरानं, पण तुम्ही योजनेशी फार मऊ वागलात. मी बँकेत थकलेल्या कर्जांच्या टेबलावर होते, म्हणून दुसरी बाजू मांडते.

दहाव्या पंचवार्षिकात ४१,११० मेगावॅट वाढवायचे ठरले, उभे राहिले २१,१८०. म्हणजे अर्धे. सगळ्यांनी आरडाओरडा केला, वीज नाही, वीज नाही. मग धरण फुटल्यासारखे प्रकल्प आले. बाराव्यात ८८,५३७ ठरले आणि ९९,२०९ झाले. लक्ष्यापेक्षा जास्त! पेढे वाटावे असं वाटतं ना? पण मागणी त्या वेगानं आलीच नाही. २००७-०८ मध्ये औष्णिक वीजघरं क्षमतेच्या ७८ टक्क्यांहून जास्त चालत होती, २०१९-२० ला ५६ वर आली. २०१८ मध्ये संसदेच्या समितीपुढे संकटातले ३४ औष्णिक प्रकल्प होते, ४० हजार मेगावॅटचे. काहींना कोळसा नव्हता, काहींना विकत घेणारा नव्हता. ती कर्जं आमच्या टेबलावर आली.

आणि ज्यांचे करार झाले होते त्यांचं काय? वीज घ्या किंवा न घ्या, वीजघराचा स्थिर खर्च द्यावाच लागतो. तो कोण देतं? दाणेवाल्यांसारखे लोक, युनिटच्या दरात मिसळून. अंदाज कमी पडला तर अंधार, जास्त झाला तर बिल. अंदाज करणाऱ्याच्या खिशाला मात्र दोन्ही वेळा काही होत नाही. मला या सगळ्या योजनांमध्ये हीच गोष्ट खटकते.

तारांचंही असंच. ३० जुलै २०१२ ला पहाटे अडीचच्या सुमारास उत्तरेचं ग्रिड कोसळलं ना, त्याची सुरुवात आमच्या बीना-ग्वाल्हेर ४०० केव्ही लाइनवरून झाली. त्याच मार्गावरचा एक सर्किट, म्हणजे तारांचा एक संच, क्षमता वाढवायच्या कामासाठी बंद होता, उरलेल्यावर लोड आला, उत्तरेतली राज्यं ठरल्यापेक्षा जास्त ओढत होती. दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व, ईशान्य तिन्ही गेले. साठ कोटी लोक म्हणतात. भविष्यासाठी लाइन मोठी करायला घेतली आणि वर्तमान अंधारात.


राजवाड्याजवळचा:

मेधाताई, आता कोणी प्रश्न विचारणार नाही, सगळे मेणबत्त्या आणायला गेले.


रामबागचे नाना:

मेधाताई, आकडे खरे आहेत, भांडणार नाही. स्थिर खर्चाबद्दल तर अजिबात नाही. आपल्या राज्यानेही न उचललेल्या विजेचे पैसे मोजलेत.

पण एका गोष्टीवर मी अडणार. जास्त झालेल्या विजेचं दुःख वहीत दिसतं, म्हणून ते मोठं वाटतं. कमी पडलेल्या विजेचं कुठे लिहिलेलंच नसतं. २००० साली छत्तीसगड वेगळं झालं, कोरबाची वीजघरं तिकडे गेली आणि पंप आणि शहरं आपल्याकडे राहिली. त्यानंतरची वर्षं मी डेस्कवर काढली आहेत. कोणत्या जिल्ह्याची कटौती किती तास, याचा तक्ता रोज रात्री बनायचा. वाळून गेलेल्या हरभऱ्याचं कर्ज कुठल्या संसदीय समितीपुढे आलं? म्हणून थोडं जास्त बांधून चुकलेलं मला परवडतं. तुम्हाला परवडणार नाही, कारण ती कर्जं तुमच्या टेबलावर आली. दोघंही आपापल्या खुर्चीवरून बोलतोय.

२०२१ च्या ऑक्टोबरात आणि पुढच्या एप्रिलमध्ये वेगळीच गंमत झाली. वीजघरं होती, कोळशाचे ढीग नव्हते. वीजघर उभं आहे म्हणून युनिट मिळतंच असं नाही, त्यामागे खाण, वॅगन, पाणी सगळं वेळेवर यावं लागतं. त्यानंतर जून २०२३ मध्ये केंद्राने पुरेशा संसाधनांचे मार्गदर्शक नियम काढले. आता वितरण कंपनीने दर वर्षी पुढच्या दहा वर्षांचा आराखडा दाखवायचा: मागणी किती, करार किती, राखीव किती. दिल्लीच्या अंदाजाला प्रथमच खालून कोणीतरी जोड देणार. नीट केलं तर मेधाताईंची तक्रार बरीच कमी होईल. मात्र मागच्या वर्षीच्या आकड्यात सहा टक्के मिळवून कागद पुढे ढकलला, तर काही बदलणार नाही.

आता वडिलांचा मुद्दा. मशीन मी चालवलेलं नाही, ते बरोबर ओळखलंत त्यांनी. आणि मुद्दा मोठा आहे. आजकालच्या सगळ्या आराखड्यांत धरलेलं असतं की दर बदलला की मागणी उन्हाकडे सरकेल. कोणाची सरकेल? पंप सरकतात, कारण पाणी दुपारी दिलं काय, पहाटे दिलं काय, गव्हाला फरक नाही, आणि शेतकऱ्याची थंडीतली रात्र वाचते. केंद्राच्या कुसुम योजनेत शेतीचे फीडर (पंपांना वीज नेणाऱ्या लाइना) सौर करतात ते त्यासाठी. शहराचं पाणीही सरकू शकतं. जलूदच्या पंपघरातून नर्मदेचं पाणी इंदुरात चढवायला जी वीज लागते ती महापालिकेच्या मोठ्या खर्चांपैकी एक, म्हणून तर २०२३ मध्ये महापालिकेनं २४४ कोटींचे हरित रोखे काढून तिथे ६० मेगावॅटचा सौर प्रकल्प घेतला. पण बॅरल सरकत नाही.

तेव्हा माझा सल्ला बदलतो. मशीन दोन पाळ्या सलग चालू द्या, मध्ये थांबवू नका. त्याच्या आजूबाजूचं काय सरकतं ते शोधा. भंगाराचा ग्राइंडर संध्याकाळी चालतो का? तो फक्त दुपारी चालवा. हॉपर ड्रायरमध्ये दाणा दुपारीच वाळवून ठेवता येतो का? कंप्रेसरच्या हवेच्या गळत्या कोणी बघितल्यात का? साचा गार ठेवणाऱ्या चिलरला मोठी टाकी जोडून दुपारी पाणी थंड करून ठेवलं तर संध्याकाळी त्याचा भार कमी होईल. आणि मोठा मोल्ड बदलायचा असेल तेव्हा तो नेमका संध्याकाळी बदला, मशीन तसंही थांबणारच आहे.


दाणेवाला (इंदूर):

मोल्ड बदलायची वेळ! हे वडिलांना एकदम पटलं. आम्ही सकाळी आल्या आल्या बदलतो, नेमका स्वस्त तास वाया. ग्राइंडर तर ऑपरेटरला जेव्हा वेळ मिळेल तेव्हा चालतो, म्हणजे बहुतेक रात्री आठला. चिलरच्या टाकीचं विचारतो.

शेडवर पॅनलचं राजवाड्यावाल्यांनी सांगितलं, पण आमचा पत्रा जुना आहे, वजन झेपेल का ते बघावं लागेल.

एक विचारतो. राज्याचा आयोग तास आणि दर ठरवतो म्हणालात. तिथे आमच्यासारख्या लहान युनिटवाल्याला काही बोलता येतं, की मोठ्या संघटनाच जातात?


रामबागचे नाना:

कोणालाही येतं. २००३ च्या कायद्याच्या कलम ६४ प्रमाणे दराचा प्रस्ताव जाहीर करावा लागतो आणि लोकांच्या सूचना-हरकती विचारात घेऊनच आयोग आदेश काढतो. पेपरात जाहिरात येते, मुदत असते. लेखी हरकत द्या, सुनावणीला जाऊन बोला.

फक्त "लघुउद्योगांवर अन्याय" असं लिहू नका, तसले कागद ढिगानं येतात. बॅरल लिहा, काळे ठिपके लिहा, तुमच्या मीटरचा तासातासाचा लोड जोडा आणि दाखवा की यातला इतका भाग सरकतो, इतका सरकत नाही. तोवर मागच्या बारा महिन्यांची बिलं इथे टाका, ग्राहक क्रमांक झाकून. कॉन्ट्रॅक्ट डिमांड (कंपनीशी ठरवलेला कमाल भार) आणि पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेतली किती कामी येते ते प्रमाण) बघायचेत मला. जुनी दोन मशिनं जाणार असतील तर कॉन्ट्रॅक्ट डिमांड कमी करून घ्यायला हवी, नाहीतर न वापरलेल्या किलोवॅटचा स्थिर आकार भरत बसाल.